आधी हात दाखव, मग पडायला सांग

शहरातल्या नाट्यशिबिरांत पहिल्या दिवशी एक खेळ ठरलेला असतो. डोळे मिटायचे. हात छातीवर आडवे. अंग फळीसारखं ताठ. आणि मागं पडायचं. मागं दोन रांगांत पोरंपोरी समोरासमोर उभी, तळवे वर, एकाआड एक हात पुढं काढलेले, एक पाय मागं, गुडघे किंचित वाकलेले. तू पडलास की झेलतात. झेललं की सर टाळी वाजवतात. बघा, विश्वास निर्माण झाला! मग चहा, बिस्किट, नि फीची पावती.

दोन तासांत विश्वास! आमच्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ढकललं तेव्हा मागं कोणाचे हात होते, ते नाय विचारायचं. सर म्हणतात, इथं सगळे फक्त नट. जात चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवा. सर, चपला आमच्या पायात असतात म्हणून काढता येतात. जात तुमच्या डोळ्यांत आहे. तुम्ही डोळे काढून ठेवा बाहेर, मग आम्ही पडतो.

कोणी म्हणेल, अरे बाबा, तू गोदीत बोजे ओढणारा, चार कविता करणारा, तुला तालमीशी काय देणंघेणं? आहे. वस्तीतल्या पथकात मी उभा राहतो, ढोलकीच्या मागं झील धरतो, वेळ पडली तर पडदे बांधतो. आणि या अंकाचे वाचक कोण आहेत मला ठाऊक आहे. दर दुसरा पोरगा कुठल्या ना कुठल्या पथकात आहे, दर तिसऱ्या पोरीला कोणीतरी 'शिबिराला ये, तुझ्यात कच्चा माल आहे' म्हणून बोलावलेलं आहे. कच्चा माल! हा शब्द ध्यानात ठेवा.

आता भांडण कशावर आहे ते सांगतो.

आमच्या पथकातली चौघं एका शिबिराला गेली. त्यात मी होतो. तिसऱ्या दिवशी सरांनी दिवे मंद केले, आम्हाला वर्तुळात बसवलं, नि म्हणाले, आयुष्यातली सगळ्यात खोल जखम सांगा. इथं बोललेलं इथंच राहील. एकाचं कुत्रं मेलं होतं. एकीला बापानं नाटकात यायला नको म्हटलं होतं. दुःख ते दुःख, मी हसलो नाही. मग आमची पोरगी बोलली. बापाविषयी बोलली. वीस मिनिटं. त्याआधी ती आमच्यापाशीसुद्धा कधी बोलली नव्हती.

ती काय बोलली ते मी इथं लिहिणार नाही. वाचणाऱ्याला वाटेल, एवढं ताणलं आणि सांगत नाही. नाहीच सांगणार. गोष्ट तिची आहे. तिला वाटलं तर ती लिहील, तिच्या नावानं, याच पानांवर.

सर सांगणार नव्हते, त्यांनी सांगितली. चार महिन्यांनी त्यांचं नवं नाटक लागलं. त्यात एक स्वगत. तिचीच गोष्ट, तिच्याच क्रमानं, बाप तिला घरात ज्या नावानं हाक मारायचा ते नावसुद्धा तेच. बोलणारी नटी दुसरी, तोंडाला काळपट रंग फासलेली. तिकीट पाचशे. लेखक-दिग्दर्शक म्हणून सरांचं नाव. आमच्या पोरीला हे कळलं कुठून, तर कोणीतरी मोबाइलवर पाठवलेल्या दोन मिनिटांच्या तुकड्यावरून. ती लोकल ट्रेनमध्ये उभी होती.

आम्ही विचारायला गेलो. उत्तर मिळालं: संहिता प्रक्रियेतून आली, प्रक्रिया सगळ्यांची असते. वा! प्रक्रिया सगळ्यांची, मग रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं संहिता गेली तेव्हा तिच्यावर नाव एकाचंच का गेलं? प्रक्रिया सगळ्यांची नि मानधन एकाचं, हे कुठलं गणित? वर आणखी ऐकवलं, आम्ही तर तुमच्या दुःखाला आवाज दिला. अरे, तिला आवाज होता. वीस मिनिटं तुम्ही तोच ऐकत बसला होतात.

याला गावाकडं बिगार म्हणत. तेव्हा लाकडं फोडून घ्यायचे, मेलेलं ढोर ओढून न्यायला लावायचे. आता जखम ओढून नेतात, कातडं सोलून ताशाला लावतात, नि वाजला की म्हणतात, बघा काय नाद आहे. आणि हे करायच्या आधी तुला डोळे मिटून मागं पडायला शिकवतात, म्हणजे सोलताना तू हलू नयेस.

खेळाशी माझं वैर नाही, हे इथंच सांगून टाकतो. असल्या खेळांचा जन्म काही कुठल्या वातानुकूलित दालनात झालेला नाही. व्हायोला स्पोलिन नावाची बाई अमेरिकेत शिकागोला, १९३० नंतरच्या मंदीच्या काळात, परदेशातून आलेल्या गरिबांच्या पोरांना घेऊन खेळ घ्यायची. ज्यांना एकमेकांची भाषा येत नाही अशी पोरं. तिचं पुस्तक १९६३ साली आलं, मग ते खेळ जगभरच्या नाटकवाल्यांनी उचलले. ब्राझीलचा ऑगुस्तो बोआल, ज्याला १९७१ साली लष्करी राजवटीनं पकडलं, छळलं, देशाबाहेर घालवलं, ज्यानं पीडितांची रंगभूमी उभी केली, त्याच्याही पुस्तकात हे खेळ भरलेले. एकानं हाताचा तळवा धरायचा, दुसऱ्यानं आपलं तोंड त्या तळव्यापासून वीतभर अंतरावर ठेवून तो नेईल तिकडं जायचं. डोळे मिटलेल्याला दुसऱ्यानं नुसत्या आवाजावर चालवायचं. आमचे सर हे सगळं घेतात. बोआलचे खेळ घेतात, बोआलची गोष्ट घेत नाहीत. ती गोष्ट अशी.

१९६० नंतरची वर्षं. बोआल नि त्याची मंडळी, सगळी शहरातली गोरी मध्यमवर्गी, ब्राझीलच्या ईशान्येकडं भूमिहीन शेतकऱ्यांपुढं नाटक करायला गेली. शेवटी सगळे नट हातात बंदुका उंचावून गातात, जमिनीसाठी रक्त सांडू. नाटक संपलं. व्हर्जिलिओ नावाचा शेतकरी रडत पुढं आला. म्हणाला, तुम्ही आमच्यासारखाच विचार करता, चला, जेवून घेऊ, नि तुमच्या बंदुका घेऊन जमीनदाराच्या माणसांना हाकलून लावू. नटांची बोबडी वळली. सांगावं लागलं, बंदुका लाकडाच्या आहेत. तो म्हणाला, असू देत, तुम्ही तर खरे आहात ना, आमच्याकडं बंदुका आहेत. तेव्हा सांगावं लागलं, आम्ही खरे आहोत, पण खरे नट, खरे शेतकरी नव्हे. मग त्याला कळलं की ही मंडळी जे रक्त सांडायचं म्हणतात ते त्यांचं नव्हे, शेतकऱ्यांचं. बोआलनं ही गोष्ट स्वतः लिहून ठेवली. स्वतःची लाज छापली. त्यानंतर दुसऱ्याला रक्त सांडायला सांगणारं नाटक त्यानं सोडलं. आमच्याकडं मात्र त्याचे खेळ आले, लाज बंदरातच उतरवून घेतली.

विश्वास, भरवसा, इमान, काय म्हणाल ते. मला तो गोदीत कळला.

जहाजाच्या पोटात आम्ही पोलादाच्या कॉइलला स्लिंग लावतो. एकेक कॉइल दहा-दहा, वीस-वीस टनांची. क्रेनवाला वर बसलेला. त्याला पोटातलं काय बी दिसत नाय. त्याला दिसतो हॅचच्या कडेला उभा असलेल्या एका माणसाचा हात. हाबेस म्हणजे उचल. आरिया म्हणजे सोड. त्या एका हातावर वीस टन वर जातात नि खाली येतात, आणि मी त्या पोटात उभा असतो. क्रेनवाल्याचं माझ्यावर प्रेम आहे का? बिलकूल नाय. मी कुठल्या मोहल्ल्यातला हे कळल्यापासून तो माझ्याशी धड बोलत नाही. आम्ही कधी एकमेकांच्या मिठीत पडलो नाही. तरी मी उभा राहतो. का? कारण तिथं दोन कायदे आहेत. उचल-सोड एकानंच सांगायची, दहा जणांनी नाही. आणि 'थांब' मात्र कोणीही म्हणायचं. कालच कामाला लागलेलं पोरगं खालून थांब ओरडलं तरी क्रेन थांबते. आधी थांबते. का ओरडलास हे नंतर विचारतात.

ज्या पाळीत हे पाळतात तिथं माणूस घरी जातो. ज्या पाळीत मुकादम घाई करतो, थांब म्हणणाऱ्याला उद्यापासून येऊ नको म्हणतो, तिथं पोरं तोंड मिटून घेतात. आधी भरवसा मरतो, मागोमाग माणूस.

आता तुमच्या तालमीत बघा. थांब कोण म्हणू शकतो? सर. सर टाळी वाजवतात तेव्हा प्रसंग थांबतो. आमची पोरगी वर्तुळात रडत बोलत होती तेव्हा तिला वाटलं असतं, आता पुरे, तर तिनं काय करायचं होतं? 'प्रवाह तोडू नकोस' असं त्यांनी आधीच बजावलं होतं. थांब म्हणायची सोय नाही तिथं पडायला सांगणं म्हणजे ढकलणंच.

मिठ्या मारून, डोळ्यांत डोळे घालून विश्वास होत नसतो, गड्यांनो. तो कशात असतो तर बारीकसारीक नि फार न शोभणाऱ्या गोष्टींत. पोस्टरवर नावं कुठल्या क्रमानं छापली. प्रयोगाचे पैसे आले ते कोणासमोर मोजले. तालमीची जागा कोण झाडतो. नऊच्या तालमीला आठला घर सोडणाऱ्यासाठी दहाला येणारा काय म्हणतो. जिभेवर कोण हसतो.

जिभेचं जरा सांगू द्या. आमचा एक नट आहे, गडी असा की नुसता उभा राहिला तरी शेवटच्या रांगेला कळतं. एका स्पर्धेच्या नाटकात त्याला घेतलं. तालमीत त्याला 'ण' म्हणायला लावायचे. पाणी म्हण. आणि म्हण. कोण म्हण. प्रत्येक वाक्याला कोपऱ्यातून एक हुंकार. पंधरा दिवसांनी त्याची अशी गत झाली की वाक्य तोंडातून निघायच्या आधी तो त्यातले ण मोजायचा. मोजता मोजता भाव गेला, हात गेले, डोळे गेले. दिग्दर्शक म्हणाला, तू मोकळा होत नाहीस, तुला सहकलाकारांवर विश्वास ठेवता येत नाही, आपण विश्वासाचा एक खेळ घेऊ. साला, पानी म्हणायला दिलं असतं तर खेळ घ्यावाच लागला नसता! बरं, भूमिका कोणाची होती? गावच्या महाराची. तो काय सदाशिव पेठेतनं शिकून आला होता?

आमच्याकडं भरवशाची परंपरा नव्हती असं समजू नका. तमाशातली बतावणी बघा. लिहिलेली नसते. सोंगाड्या नि त्याचा जोडीदार उभे राहतात, एकानं शब्द टाकला की दुसऱ्यानं झेलायचा, तोही जमिनीवर पडायच्या आत. पडला तर गर्दी चप्पल मारते. वगात राजा चुकला तर प्रधानानं सावरायचं, आणि असं सावरायचं की लोकांना चूक हीच गंमत वाटावी. पोवाड्यात शाहिराचा दम संपतो तिथं झीलकऱ्याचा सुरू होतो, मध्ये फट दिसता कामा नये. हे कुठल्या शिबिरात शिकले? एका चुलीवर जेवून, एका गाडीत झोपून शिकले. नाचणारी पोट वाढलेलं असताना उभी राहते, पडद्यामागं बाळंत होते नि पुन्हा फडावर जाते, विठाबाई नारायणगावकरांची ही गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. तिला सगळे धैर्य म्हणतात. मला आणखी एक दिसतं, मधल्या वेळात लोकांना धरून ठेवलेली वाजवणाऱ्यांची बोटं. त्यांची नावं कोणी विचारत नाही.

पण तमाशाला डोक्यावर घेऊन नाचणार नाही. तिथला एकोपा उचलीच्या दोरीनं बांधलेला. मालकाकडून हंगामापूर्वी उचल घेतली की माणूस गहाण. भरवसा होता, पण तो गहाणवटातल्या माणसांचा एकमेकांवरचा. मालकाला 'थांब' म्हणायची तिथंही सोय नव्हती, बाईला तर नव्हतीच. म्हणून १९३० नंतर भीमराव कर्डकांसारखी माणसं जलसा घेऊन निघाली, ही गोष्ट मला मोठी वाटते. तोच तमाशाचा बाज, तीच ढोलकी, पण मालक नाही नि उचल नाही. दिवसा काम, रात्री तालीम. एकमेकांना धरून ठेवणारी गोष्ट पोटाच्या पलीकडची होती.

आणि आता आपल्या घरात येऊ. इथं आवाज आणखी चढवणार आहे, ज्याला झोंबेल त्यानं चोळत बसावं.

आपली पथकं तरी काय मोठी लागून गेली? १४ एप्रिल नि ६ डिसेंबर आला की फलक लागतात. फलकावर एकाच शाहिराचं तोंड, हे एवढं मोठं. मागचे सात जण 'आणि संच'. संच! भांड्यांचा संच असतो, माणसांचा नाही. सुपारीचे पैसे किती ठरले ते एकालाच माहीत. विचारलं तर चळवळीचं काम पैशासाठी करायचं का म्हणतो, नि नवीन गाडीत बसून जातो. तालमीला नेता दीड तास उशिरा येतो, मोबाइल कानाला, आणि आल्या आल्या शिस्तीवर भाषण. कोणी थांब म्हटलं तर तो फुटीर, तो विकला गेलेला, त्याच्यामागं कोणीतरी आहे. अरे, त्याच्यामागं त्याची भूक आहे, दुसरं कोणी नाय.

आणि पोरींचं काय? सावित्रीमाईची भूमिका करणाऱ्या पोरीला प्रवेश संपला की चहा ठेवायला पाठवता. रमाईवर गाणं लिहिणारा गडी रात्री साडेअकराला तालीम सोडतो नि पोरगी स्टेशनापर्यंत एकटी कशी जाईल हे त्याच्या डोक्यातसुद्धा येत नाही. एखादा सीनियर तालमीच्या नावाखाली अंगचटीला आला तर सांगतात, बाहेर बोलू नको, चळवळीची बदनामी होईल. बदनामी त्याच्या हातानं झाली, तिच्या तोंडानं कशी होईल? २०१३ साली कामाच्या जागेवरच्या छळाविरुद्ध कायदा झाला. बाबासाहेबांच्या घटनेच्या शपथा घेणाऱ्या किती पथकांत पोरीला तक्रार करायला एक माणूस नेमलेला आहे? मी पाच पथकांत विचारलं. पाचही ठिकाणी हसले.

बाहेरचा भामटा लुटतो तेव्हा ओरडता येतं. घरातला लुटतो तेव्हा पोरं गप घरी बसतात. पथकं अशीच मेली, पोलिसांनी नाही मारली. पोलिसांचंही आहेच. कबीर कला मंचाच्या पोरापोरींवर केसेस झाल्या, २०१३ साली शीतल साठे नि सचिन माळी विधान भवनापुढं स्वतः हजर झाले, २०२० साली आणखी तिघांना अटक झाली. अशा काळात प्रत्येक पथकात कुजबुज सुरू होते, हा कोणाचा माणूस, तो कोणाला भेटतो. ती कुजबुज तुरुंगाहून वाईट. ती थांबवायची तर तालमीत सगळ्यांसमोर बोलायची सवय आधीपासून लागलेली असावी लागते. संकट आल्यावर लागत नाही.

१९८९ साली १ जानेवारीला दिल्लीजवळ साहिबाबादला कामगारवस्तीत नाटक चालू असताना सफदर हाश्मीवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी तो गेला. राम बहादूर नावाचा कामगारही मारला गेला. ४ जानेवारीला त्याची बायको मलयश्री नि पथक त्याच जागी परत गेलं नि अर्धं राहिलेलं नाटक पुरं केलं. त्या दिवशी त्या नटांना मागं कोण उभं आहे हे डोळे उघडे ठेवून माहीत होतं. तसं एकमेकांना ओळखायला त्यांना वर्षं लागली असतील.

बाहेरच्या माणसाबरोबर काम होतच नाही, असंही म्हणणं नाही माझं. २०१२ साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. नंदू माधव दिग्दर्शक, कल्पना नि संगीत संभाजी भगतांचं, नट जालन्याकडचे, शेतीमातीतले. त्यांची बोली घासूनपुसून शुद्ध केली नाही. आणि लेखक म्हणून नाव राजकुमार तांगडे या जालन्याच्याच माणसाचं. मुंबईपुण्याच्या थेटरात लोकांनी तीच बोली डोक्यावर घेतली. होतं की नाही?

आमच्या पथकानं काय ठरवलं ते सांगतो, घ्यायचं तर घ्या. तालमीत थांब कोणीही म्हणेल, नि म्हटलं की थांबायचं. जखम सांगायची सक्ती कोणावर नाही. सांगितली तर ती ज्याची त्याची, नाटकात घ्यायची असेल तर त्याला विचारून, त्याच्या नावासकट, आणि प्रयोगाच्या आदल्या रात्री जरी त्यानं नको म्हटलं तरी काढायची. पैसे ढोलकीवर ठेवून सगळ्यांसमोर मोजायचे. नावं बाराखडीच्या क्रमानं. झाडू पाळीनं, शाहिरासकट. शेवटच्या लोकलच्या आधी तालीम बंद, पोरी घरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत कोणी जेवायचं नाही. हे सगळं झाल्यावर मागं पडायचा खेळ आम्हीपण खेळतो. मजा येते.

राहिला त्या सरांचा हिशोब. आमच्या पोरीचं म्हणणं दोन ओळींचं आहे नि ते लेखी दिलेलं आहे: ते स्वगत काढा, आणि प्रयोगाच्या सुरुवातीला ते कुठून घेतलं होतं हे पडद्यापुढं येऊन सांगा. पैसे मागितलेले नाहीत. महिना उलटला, उत्तर नाही. पुढच्या शिबिराची जाहिरात मात्र आली, 'वंचित घटकांतील युवकांना सवलत' असं लिहून. हे वाचणाऱ्या कोणत्याही पोराला, पोरीला त्या सवलतीचा फोन येईल तेव्हा आधी आमच्याकडं या, नाव-पत्ता समक्ष सांगू. त्या नाटकाचा पुढचा प्रयोग रविवारी आहे. आम्ही तिकिटं काढली आहेत, सतरा जणांची, पुढच्या दोन रांगा. ते स्वगत सुरू झालं की उभं राहून एकच शब्द म्हणायचा आहे, आणि तो गोदीतल्या कालच्या पोरालासुद्धा येतो.